प्रतिपिंडांचे गणित आणि सुसुमु तोनेगावा

हडपसरला तयार झालेली गोवराची लस कुठल्याशा खेड्यातल्या अंगणवाडीत बाळाला टोचली जाते आणि दोन-तीन आठवड्यांत त्या बाळाच्या रक्तात गोवराच्या विषाणूला नेमकी चिकटणारी प्रथिने दिसू लागतात. या प्रथिनांना प्रतिपिंडे म्हणतात, हे आपण शाळेत शिकतो. सहसा न विचारला जाणारा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. गोवर माणसाला शेकडो वर्षे छळत आला असल्यामुळे त्याच्याविरुद्धच्या प्रतिपिंडाची कृती पूर्वजांकडून आपल्याकडे आली असेल, असे एक वेळ मानता येईल. परंतु २०१९ सालापर्यंत ज्या करोना विषाणूशी माणसाची गाठ पडल्याचे ज्ञात नव्हते, त्याला चिकटणारे प्रतिपिंड कसे बनवायचे हे आपल्या पेशींना कोणी सांगितले? रक्तगटांचा शोध लावणारे कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हा प्रश्न टोकाला नेला होता. प्रयोगशाळेत बनवलेली कृत्रिम रसायने प्रथिनांना जोडून त्यांनी प्राण्यांना टोचली, आणि निसर्गात कधी अस्तित्वातच नसलेल्या त्या रसायनांविरुद्धही प्राण्यांच्या शरीरात प्रतिपिंडे तयार झाली.

अडचण कुठे येते ते आकड्यांवरून लक्षात येते. माणसाच्या डीएनएमध्ये सुमारे ३ अब्ज अक्षरे आहेत, आणि प्रथिने कशी बनवायची हे सांगणारी जनुके सुमारे २०,००० आहेत. प्रतिपिंड हेही एक प्रथिनच आहे. ज्या काळात या प्रश्नावर वाद पेटला होता, त्या काळी एका प्रथिनसाखळीमागे एक जनुक हा नियम पाठ्यपुस्तकांत स्थिरावलेला होता, आणि तो शब्दशः लावला तर सगळीच्या सगळी जनुके प्रतिपिंडांसाठी राखून ठेवली तरी वीस हजारांपुढे मजल जात नाही. प्रत्यक्षात माणसाचे शरीर अब्जावधी प्रकारची प्रतिपिंडे तयार करू शकते. रॉडनी पोर्टर आणि जेराल्ड एडलमन यांनी प्रतिपिंडाची रचना उलगडली, ज्यासाठी त्यांना १९७२ चे नोबेल मिळाले, तेव्हा कोड्याला नेमका आकार आला. प्रत्येक प्रतिपिंड दोन जड आणि दोन हलक्या साखळ्यांचे बनलेले असते. या साखळ्यांचा बुंध्याकडचा भाग एका प्रकारच्या सर्व प्रतिपिंडांत जवळपास सारखा असतो, तर शत्रूला चिकटणारा टोकाकडचा भाग दर प्रतिपिंडात वेगळा असतो. एकाच साखळीचा एक भाग इतका अढळ आणि दुसरा इतका चंचल कसा, याचे समाधानकारक उत्तर कोणाकडे नव्हते.

तर्काने जवळ पोहोचलेले लोक होते. विल्यम ड्रायर आणि क्लॉड बेनेट यांनी १९६५ मध्ये असे सुचवले की चंचल भागाची जनुके अनेक असावीत, स्थिर भागाचे एकच असावे, आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीत ती दोन्ही डीएनएच्या पातळीवरच एकमेकांना जोडली जात असावीत. ही कल्पना बहुतेकांना अविश्वसनीय वाटली, कारण तिच्यासाठी जीवशास्त्रातले एक पायाभूत गृहीतक मोडावे लागत होते. आपल्या त्वचेतल्या, यकृतातल्या आणि रक्तातल्या पेशींत डीएनए एकसारखाच असतो, फक्त त्यातला वेगवेगळा भाग वापरला जातो, असे तेव्हाही शिकवले जाई आणि आजही शिकवले जाते. एखादी पेशी स्वतःच्याच डीएनएची मोडतोड करते, हे म्हणायला पुरावा भक्कम हवा होता. तो पुरावा मिळवायचा तर डीएनए नेमक्या ठिकाणी कापण्याचे आणि तुकडे ओळखण्याचे तंत्र हवे होते, आणि ते रोगप्रतिकारशास्त्रज्ञांच्या हाताशी नव्हते.

सुसुमु तोनेगावा यांची कारकीर्द येथे या गोष्टीत शिरते. त्यांचा जन्म १९३९ मध्ये जपानमधल्या नागोया शहरात झाला. क्योटो विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली, पण मन रेणवीय जीवशास्त्राकडे वळले. त्या काळी या विषयाचे शिक्षण जपानमध्ये फारसे उपलब्ध नसल्याने ते अमेरिकेत सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले आणि १९६८ मध्ये त्यांनी जिवाणूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूच्या जनुकांवर डॉक्टरेट पूर्ण केली. पुढे ते सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये रेनातो दुल्बेको यांच्याकडे कर्करोगाशी निगडित विषाणूंवर काम करू लागले. १९७० च्या अखेरीस व्हिसाची मुदत संपत आल्यामुळे अमेरिका सोडणे भाग होते, आणि दुल्बेको यांनी त्यांना स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथे नव्याने निघालेल्या रोगप्रतिकारशास्त्राच्या संस्थेत जाण्याचा सल्ला दिला. व्हिसाच्या नियमामुळे एखाद्या विद्याशाखेचा इतिहास बदलावा, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे. तोनेगावा तेथे पोहोचले तेव्हा त्यांना डीएनए आणि आरएनए हाताळता येत होते, पण रोगप्रतिकारशास्त्राची त्यांची तयारी नगण्य होती. उलट संस्थेतले बहुतेक जण रोगप्रतिकारशास्त्रात मुरलेले होते आणि डीएनएपासून दूर होते. संस्थेचे संचालक नील्स येर्ने हे स्वतः याच कोड्यावर वर्षानुवर्षे विचार करत आलेले विद्वान होते.

माझ्या मते या कारकिर्दीचे सगळे मर्म या गाठीत आहे. प्रश्न एका शाखेने जपला होता आणि अवजार दुसऱ्या शाखेत घडले होते. तोनेगावा बुद्धिमान होते यात शंका नाही, पण तितकेच बुद्धिमान लोक त्याच प्रश्नावर वीस वर्षे वाद घालत बसले होते, कारण त्यांच्या अवजारांनी प्रथिने मोजता येत होती, जनुके मोजता येत नव्हती.

त्यांनी नोबुमिची होझुमी यांच्यासह केलेला आणि १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग कल्पनेने अगदी साधा आहे, म्हणून तो सविस्तर पाहू. डीएनए विशिष्ट अक्षरक्रम दिसेल तेथेच कापणारी काही विकरे (एन्झाइम) जिवाणूंमध्ये सापडतात, आणि ती त्या वेळी नुकतीच संशोधकांना उपलब्ध होऊ लागली होती. अशा एका विकराने त्यांनी दोन ठिकाणचा डीएनए कापला. पहिला होता उंदराच्या गर्भातला, म्हणजे ज्या पेशी अजून प्रतिपिंडे बनवायला लागलेल्याच नाहीत त्यांचा. दुसरा होता उंदराच्या एका अर्बुदातला, म्हणजे कर्करोगाच्या गाठीतला, ज्यातील प्रत्येक पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड भरभरून बनवत होती. कापलेले तुकडे विजेच्या प्रवाहाने जेलीच्या थरातून ओढले की लहान तुकडे पुढे जातात आणि मोठे मागे राहतात. मग जेलीचे काप करून प्रत्येक कापातला डीएनए वेगळा काढायचा आणि त्यावर प्रतिपिंडाच्या हलक्या साखळीचा किरणोत्सारी खूण केलेला आरएनए, म्हणजे तिच्या जनुकाची प्रत, सोडायचा, म्हणजे ज्या कापात त्या साखळीचे जनुक असेल तेथे खूण चिकटून राहील. चंचल आणि स्थिर भाग वेगवेगळे ओळखता यावेत म्हणून त्यांनी एकदा पूर्ण आरएनए वापरला आणि एकदा त्याचा फक्त स्थिर भागाकडचा अर्धा तुकडा. गर्भाच्या डीएनएत ही दोन जनुके वेगवेगळ्या आकाराच्या दोन तुकड्यांवर सापडली. अर्बुदाच्या डीएनएत मात्र दोन्ही एकाच तुकड्यावर होती, आणि हा तुकडा गर्भातल्या दोन्ही तुकड्यांपेक्षा आकाराने लहान होता. गर्भापासून प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी डीएनए कापला गेला होता आणि नव्याने सांधला गेला होता.

पुणेकरांना हे समजावण्यासाठी प्रभात स्टुडिओच्या जागेवर उभ्या असलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या जुन्या संकलन कक्षाची आठवण पुरेशी आहे. संगणक येण्यापूर्वी संकलक चित्रित केलेल्या लांबलचक रिळातून हवा तो तुकडा कापून काढी, दुसरीकडचा तुकडा त्याला चिकटवी, आणि मधली फिल्म खाली टाकून देई. प्रतिपिंड बनवणारी बी-पेशी हेच करते, फरक इतकाच की ती प्रतीवर हात चालवत नाही, मूळ निगेटिव्हच कापते. त्यामुळे एकदा झालेली निवड त्या पेशीला आणि तिच्या सर्व वंशज पेशींना कायमची बांधून ठेवते. एक बी-पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवते, याचे कारण हेच.

१९७८ पासूनच्या पुढच्या काही वर्षांत वॉल्टर गिल्बर्ट यांच्या गटाच्या मदतीने या डीएनएचे अक्षरवाचन झाले, फिलिप लेडर आणि लिरॉय हुड यांच्या प्रयोगशाळांनीही भर घातली, आणि चित्र अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीचे निघाले. चंचल भागाचे जनुकही अखंड नसते. हलक्या साखळीत तो व्ही आणि जे या दोन जातींच्या खंडांपासून जुळतो, तर जड साखळीत व्ही, डी आणि जे अशा तीन जातींच्या खंडांपासून. माणसाच्या १४ व्या गुणसूत्रावर जड साखळीचे सुमारे ४० उपयोगी व्ही खंड, २३ डी खंड आणि ६ जे खंड ओळीने मांडलेले आहेत. प्रत्येक जातीतला एक याप्रमाणे निवडले तर ४० × २३ × ६ म्हणजे ५,५२० जड साखळ्या होतात. हलक्या साखळ्यांचे दोन प्रकार मिळून साधारण ३२० जुळण्या होतात. कोणतीही जड साखळी कोणत्याही हलक्या साखळीशी जोडता येते असे धरले, तर गुणाकार सतरा लाखांच्या वर जातो. दोनशेपेक्षाही कमी खंडांच्या भांडवलावर इतका विस्तार मिळतो, आणि तरीही खरी मोठी वाढ या गुणाकारातून येत नाही. दोन खंड सांधताना पेशी मुद्दाम अव्यवस्थित काम करते. सांध्यावरची काही अक्षरे कुरतडली जातात, आणि एक विकर तेथे कोणत्याही साच्याशिवाय मनाला येतील ती अक्षरे भरते. या ढिलाईमुळे संभाव्य प्रतिपिंडांची संख्या अब्जांच्याही कितीतरी पुढे जाते. एरवी डीएनएच्या बाबतीत पेशी शक्यतो एका अक्षराचीही चूक सहन करत नाही, हे लक्षात घेतले की या एका ठिकाणी दिलेली मोकळीक किती असाधारण आहे ते कळते.

अर्थात यादृच्छिकपणे बनवलेली बहुतेक प्रतिपिंडे निरुपयोगी ठरतात, आणि काही तर स्वतःच्याच शरीरावर उलटू शकतात. त्यामुळे अस्थिमज्जेत चाळणी लागते आणि स्वतःला चिकटणाऱ्या अनेक पेशी बाद होतात. उरलेल्यांपैकी जिचे प्रतिपिंड एखाद्या जंतूला थोडेफार जुळते ती पेशी झपाट्याने विभागू लागते, ही निवडीची कल्पना फ्रँक मॅकफार्लन बर्नेट यांनी १९५७ मध्येच मांडली होती. विभागतानाही प्रतिपिंडाच्या जनुकात आणखी बदल होत राहतात आणि अधिक घट्ट चिकटणाऱ्या पेशी पुढे सरकतात. हे बदल घडवणारे विकर तासुकु होंजो यांच्या गटाने १९९९ मध्ये शोधले. लसीच्या दुसऱ्या मात्रेनंतर प्रतिपिंडे केवळ वाढत नाहीत, ती सुधारतातही, त्यामागे ही प्रक्रिया आहे.

कात्री कोणती, हे समजायला मात्र १९७६ नंतर आणखी तेरा वर्षे लागली. डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत डेव्हिड शात्झ आणि मार्जोरी ऑटिंजर यांनी १९८९ आणि १९९० मध्ये रॅग-१ आणि रॅग-२ ही जनुके ओळखली. यांच्यापासून बनणारी दोन प्रथिने मिळून खंडांच्या कडेला असलेल्या खुणा ओळखतात आणि डीएनए कापतात. ही जोडी जनुकसंचात इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या एका प्राचीन डीएनए-तुकड्याची वंशज असावी, असा अंदाज होता. समुद्रतळाशी राहणाऱ्या अँफिऑक्सस या कणाहीन जीवात तिचा जुना नातलग २०१६ मध्ये सापडल्यावर त्या अंदाजाला चांगलेच बळ मिळाले. जनुकसंचात घुसलेला एक उपरा तुकडा जबडा असलेल्या सर्व पृष्ठवंशी प्राण्यांच्या संरक्षणाचे मुख्य हत्यार बनून बसला, असा त्याचा अर्थ होतो.

रॅग जनुके बिघडलेली असतील तर बाळाला बी-पेशीही मिळत नाहीत आणि रोगप्रतिकाराच्या दुसऱ्या महत्त्वाच्या पेशी, म्हणजे टी-पेशीही नाहीत, कारण टी-पेशींचे ग्राहकही (शत्रूला ओळखणारी त्यांच्या पृष्ठभागावरची प्रथिने) असेच खंड सांधून बनतात. अशी मुले जन्मतः धडधाकट दिसतात आणि काही महिन्यांत एकामागून एक संसर्गाने ग्रासली जातात. आपल्याकडे जन्मानंतर लगेच दिली जाणारी बीसीजीची लस जिवंत जिवाणूंची असल्याने या अत्यंत विरळा मुलांमध्ये ती शरीरभर पसरू शकते; इतर सर्व बाळांना तिचा लाभच होतो, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. वेळेत निदान झाले तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने अशी मुले वाचतात, आणि या निदानाचा मार्ग मोठा देखणा आहे. टी-पेशी घडताना कापून टाकलेल्या डीएनएच्या तुकड्याची दोन टोके जुळून त्याचे एक कडे तयार होते आणि ते काही काळ पेशीत पडून राहते. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात ही कडी मोजली, तर बाळ टी-पेशी बनवत आहे की नाही ते कळते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने २००८ मध्ये ही तपासणी सुरू केली आणि दहा वर्षांत ती तेथील सर्व राज्यांत पोहोचली. आपल्या देशात ती अजून सरसकट होत नाही. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था अशा आजारांच्या निदानाचे काम करते, आणि पुण्यातल्या बालरोगतज्ज्ञांना ते नाव परिचित आहे.

तोनेगावा १९८१ मध्ये अमेरिकेला परतले आणि एमआयटी (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) येथे रुजू झाले. तेथे टी-पेशींच्या ग्राहकाचे एक जनुक शोधताना त्यांच्या गटाला १९८४ मध्ये वेगळेच जनुक सापडले, आणि त्यातून गॅमा-डेल्टा या टी-पेशींच्या नव्या जातीचा माग लागला. १९८७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना एकट्याला मिळाले, ही त्या पुरस्काराच्या बाबतीत दुर्मीळ होत चाललेली गोष्ट आहे. त्यानंतर त्यांनी क्षेत्रच बदलले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ज्या विषयात जग आपल्याला मानते तो सोडून, ते मेंदूत आठवण कोठे आणि कशी साठते या प्रश्नाकडे वळले. २०१२ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या मेंदूतल्या ठरावीक पेशी प्रकाशाने उद्दीपित करून एक विशिष्ट आठवण जागी करून दाखवली. काहींना हा निर्णय लहरीपणाचा वाटतो. मला तो सुसंगत वाटतो, कारण दोन्ही वेळा त्यांनी जुना प्रश्न घेतला आणि त्याला शेजारच्या शाखेतले अवजार लावले.

ज्या कामाला बाझेलमध्ये पाच वर्षे लागली ते आज अक्षरवाचन यंत्रांमुळे काही दिवसांत होते. चमचाभर रक्तातल्या लाखो बी-पेशींची सांधलेली जनुके एकत्र वाचता येतात आणि कोणती पेशी कोणाची वंशज आहे याची वंशावळ मांडता येते. रक्ताच्या कर्करोगात याचा थेट उपयोग होतो: बी-पेशीपासून उद्भवलेल्या ल्युकेमियाच्या पेशींत बहुधा एकच सांधा सापडतो, त्यामुळे उपचारांनंतर तो सांधा रक्तात शोधला की लाखभर निरोगी पेशींत लपलेली एखादी रोगट पेशीही पकडता येते. करोनाच्या साथीत याच तंत्राने एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या असंख्य रुग्णांनी विषाणूविरुद्ध जवळपास सारखीच प्रतिपिंडे घडवली होती, आणि त्यांत व्ही ३-५३ हा एकच खंड पुनःपुन्हा वापरलेला होता. सांधणे यादृच्छिक असले तरी भांडवल वारशाने मिळते, आणि ते काही शत्रूंविरुद्ध इतरांपेक्षा सरस ठरते.

यातून पुण्याच्या संशोधकांसाठी एक ठोस काम उभे राहते. १९५२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय विषाणू संस्था, ज्या संस्थेने १९५७ मध्ये क्यासनूर जंगलातल्या तापाचा विषाणू ओळखला आणि २०२० मध्ये करोनाचा विषाणू वेगळा काढला ती; विद्यापीठाच्या आवारातली राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र ही संस्था; पाषाणची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा; ससूनला लागून असलेले बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, आणि हडपसर व हिंजवडीतले लसनिर्माते, हे सारे एकाच शहरात आहे. विषाणूचे जनुकवाचन पुण्याने साथीच्या काळात भरपूर केले. विषाणूला उत्तर देणाऱ्या माणसांच्या जनुकांचे वाचन त्या मानाने मागे आहे. व्ही, डी, जे खंडांची जी संदर्भसूची जगभर वापरली जाते, तीत युरोपीय वंशाच्या लोकांचे प्रमाण मोठे आहे, आणि शतकानुशतके जातीपोटजातींतच लग्ने होत आलेल्या भारतीय समाजांत या खंडांचे कोणते वेगळे प्रकार आहेत, याची नोंद अपुरी आहे. दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचणाऱ्या जीनोम इंडिया प्रकल्पाची माहिती २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली, पण प्रतिपिंडांचा प्रदेश पुनरावृत्तींनी इतका भरलेला आहे की नेहमीच्या आखूड वाचनातून तो नीट जुळवता येत नाही आणि लांब तुकडे वाचणारी यंत्रे लागतात.

हे काम करणाऱ्याला विकरे हाताळता आली पाहिजेत, रक्तातल्या पेशी ओळखता आल्या पाहिजेत, आणि संगणकावर कोट्यवधी अक्षरांची संख्याशास्त्रीय छाननीही करता आली पाहिजे. आपल्याकडे अकरावीला प्रवेश घेताना जीवशास्त्र हवे म्हणून गणित सोडण्याची पद्धत इतकी रुळलेली आहे की पुढे एमएस्सीला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षी तीच मुले संख्याशास्त्राच्या पहिल्या पाठापासून सुरुवात करताना दिसतात. आयसरच्या सुरुवातीच्या सत्रांत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही सर्वांना शिकावे लागते, आणि विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचे केंद्र १९८७ पासून चालू आहे. बाकीच्या महाविद्यालयांत अशी सोय करायला वेगळ्या इमारतीची गरज नाही, दोन विभागांनी एक अभ्यासक्रम मिळून शिकवायचा आहे.